समुद्रातलं गायरान: डुगाँग आणि तिचं गवत

सागरगोटी

आधीच सांगून टाकते, मी डुगाँग पाहिलेली नाही. तिने चरलेली वाट पाहिली आहे.

गेल्या जानेवारीत अंदमानात शहीद द्वीपला (जुनं नाव नील) होतो. किनाऱ्यापासून थोडं आत, छातीभर पाण्यात तोंडाला नळी लावून तरंगत होते. खाली हिरवंगार गवत होतं आणि त्या हिरव्यात मधूनच वीतभर रुंदीचा एक नागमोडी पट्टा गेला होता. त्या पट्ट्यातलं गवत मुळासकट गायब, नुसती वाळू उरलेली. शेजारी दुसरा पट्टा, मग तिसरा. मला आजोळच्या शेतातल्या सऱ्या आठवल्या. आमच्याबरोबरचा स्थानिक मुलगा डोकं वर काढून म्हणाला, "रात्री येऊन गेली असणार. कडा अजून ढासळल्या नाहीत."

तेव्हापासून या प्राण्याने डोक्यात घर केलंय. मराठीत हिला समुद्रगाय म्हणतात, तमिळमध्येही 'कडल पसु', म्हणजे तेच. पूर्ण वाढ झालेली डुगाँग तीन मीटरपर्यंत लांब असते आणि तिचं वजन तीन-चारशे किलो भरतं. दिवसाला तीस-चाळीस किलो ओलं गवत खाते. आपल्याकडे ती मन्नारचं आखात, पाल्कचा उपसागर, कच्छचं आखात आणि अंदमान-निकोबार एवढ्याच ठिकाणी उरली आहे. देशभरात मिळून अंदाजे दोनशे-अडीचशे. अंदमान-निकोबारचा तो राज्यप्राणी आहे.

लेख डुगाँगवर लिहायचा म्हणून वाचायला बसले आणि गवतातच अडकले. आपण समुद्रातल्या हिरव्या कशालाही 'शेवाळ' म्हणून मोकळे होतो. हे शेवाळ नव्हे. याला मुळं आहेत, हळदी-आल्यासारखं जमिनीत आडवं वाढणारं खोड आहे, फुलं येतात, बिया धरतात. जमिनीवरच्या वनस्पतींपैकी काहींनी कोट्यवधी वर्षांपूर्वी पुन्हा समुद्राची वाट धरली, त्यांची ही वंशावळ. जगभरात जेमतेम सत्तरेक जाती. बहुतेकांचं परागीभवनही पाण्याखालीच होतं. मधमाशी नाही, वारा नाही, म्हणून पराग दोऱ्यासारखे लांब होऊन प्रवाहाबरोबर वाहतात आणि कुठेतरी स्त्रीकेसराला अडकतात.

हरळी कशी आडवी पळत जाऊन जमीन धरून ठेवते, तसं हे गवत समुद्रतळ धरून ठेवतं. फक्त त्याचा एक हट्ट आहे, त्याला ऊन लागतं. शेवाळाचं पृष्ठभागावरच्या प्रकाशाच्या एखाद-दोन टक्क्यांवर भागतं. गवताला जातीनुसार दहा-वीस टक्के किंवा त्याहूनही जास्त लागतो, कारण त्याला बिनप्राणवायूच्या चिखलातली मुळंही पोसायची असतात. पानात तयार झालेला प्राणवायू आतल्या पोकळ नळ्यांतून खाली मुळांपर्यंत पोचवावा लागतो. पाणी गढूळ झालं की पान उपाशी आणि मूळ गुदमरलेलं.

आपल्याकडे गाव म्हटलं की गायरान आलं, आणि गायरान म्हटलं की अतिक्रमण. समुद्रातही वेगळं काही नाही. बाकी प्रतिसादांत बोलू.

वाळूचा_किल्ला

छान लिहिलंय, वाखुसा (वाचनखूण साठवली). पण हीच ती जलपरी ना? दर्यावर्दी लोक हिलाच बाई समजायचे असं ऐकलंय. फोटो पाहिला आणि त्या खलाशांची कीव आली. :)

सागरगोटी

हो, या प्राण्यांच्या गणाचं शास्त्रीय नावच 'सायरेनिया' आहे, ग्रीक पुराणातल्या गाणाऱ्या सायरनवरून. कोलंबसाने १४९३ मध्ये कॅरिबियनमध्ये पाहिलेल्या 'जलपऱ्या' मात्र डुगाँग नव्हत्या, तिच्या चुलत बहिणी मॅनाटी होत्या. चित्रात दाखवतात तेवढ्या या सुंदर नाहीत, अशी तक्रार त्याने करून ठेवली आहे. ओळखायची सोपी खूण म्हणजे शेपटी: मॅनाटीची वल्ह्यासारखी गोल, डुगाँगची डॉल्फिनसारखी दुभागलेली. शिवाय मॅनाटी नद्यांत शिरते. डुगाँग मात्र समुद्र सोडत नाही.

तात्या_ढोरडॉक्टर

पशुवैद्य म्हणून तीस वर्षं गाईम्हशींत काढली, तेव्हा या 'गाई'वर बोलायचा थोडा अधिकार गाजवतो.

पहिली गोष्ट, ही गाय नव्हे. रवंथ करत नाही. पोट साधं, एका कप्प्याचं. गवताचं खरं कुजवण-आंबवण मागच्या आतड्यात होतं, घोड्यासारखं. मोठं आतडंच पंचवीस मीटरच्या घरात जातं आणि खाल्लेलं बाहेर पडायला सहा-सात दिवस लागतात. इतकं निवांत पचन माझ्या गाईम्हशींत तरी कुणाचं पाहिलं नाही.

दुसरं, नातं हत्तीशी. आचळं बघा, दोनच, आणि तीही पुढच्या वल्ह्यांच्या मागे काखेत. हत्तिणीचीही पुढच्या पायांमध्येच असतात. नराला वयात आल्यावर सुळे फुटतात, ते म्हणजे हत्तीसारखेच वरचे पटाशीचे दात. सुळा कापून आतले थर मोजले की वय कळतं, खोडातली वलयं मोजतात तसं. सत्तरी ओलांडलेल्या माद्यांची नोंद आहे.

तिसरं, हाडं. भरीव आणि जड, बरगड्या तर वरवंट्यासारख्या. पोटात वायू धरणाऱ्या शाकाहारी जनावराला पाण्याच्या तळाशी चरायचं तर वजन हवंच, नाहीतर ते बुचासारखं वर येईल.

आता जे गोठ्यातल्या कुणालाही लगेच कळेल ते सांगतो. पहिलं वेत सहा ते सतरा वर्षांच्या मध्ये कधीतरी. गाभण काळ तेरा-चौदा महिने. एका वेळी एकच वासरू. ते दीडेक वर्ष पितं. पुढचं वेत तीन ते सात वर्षांनी. आणि चारा कमी पडला तर मादी वेत लांबवते. आमच्याकडे दुष्काळात जनावरं माजावर येत नाहीत, तोच प्रकार. सगळं उत्तम जुळून आलं तरी असा कळप वर्षाला पाच टक्क्यांच्या वर वाढत नाही. दोनशे जनावरांत वर्षाला पाच-सहा जाळ्यात मेली तर हिशेब कुठे जातो, तो तुम्हीच मांडा.

चिकूवाडी

तात्या, +१००. तुमचे प्रतिसाद म्हणजे फुकट शिकवणी.

पण एक शंका. ती मुळासकट उपटून खाते, म्हणजे कुरणाचा सत्यानाशच की. शेळी आणि गाय यांत आमचे आजोबा हाच फरक सांगायचे, शेळी मुळावर घाव घालते. मग डुगाँग कमी झाल्या तर गवताला बरंच नाही का?

सागरगोटी

ही शंका मलाही आली होती. तिचं मुस्काट खाली वळलेलं असतं, जाड ओठाची तबकडी आणि त्यावर राठ केस. डोळे बारीक आणि अधू, त्यामुळे सगळं काम या केसांच्या स्पर्शावर. पिष्ट साठवलेलं असतं ते जमिनीतल्या खोडात, म्हणून ती मुस्काटाने वाळू उकरत खोडासकट ओढून घेते आणि मागे सरी राहते.

मात्र ती वाटेल ते गवत खात नाही. तिची आवड म्हणजे हॅलोफिला आणि हॅलोड्यूल, नाजूक, कमी धाग्याची, जास्त नत्राची. नेमक्या याच जाती झटपट फुटणाऱ्या आहेत. चरून गेलेली सरी दोन्ही कडांनी पुन्हा भरत येते. दांडगी, धागेदार, सावकाश वाढणारी गवतं या फेऱ्यात मागे पडतात. पुढचं ऑस्ट्रेलियातल्या कुणीतरी सांगावं, तिथे यावर खूप काम झालंय.

ब्रिस्बेनकर

हाक मारली म्हणून आलो. आमच्या शहराला लागूनच मोरेटन बे आहे. तिथे शंभराहून जास्त डुगाँग एका ठिकाणी कळपाने चरतात. पुन्हा पुन्हा त्याच तुकड्यावर, कित्येक आठवडे. नव्वदच्या दशकात तिथल्या संशोधकांनी या चरण्याला 'मशागतीची चराई' अशा अर्थाचं नाव दिलं. कळप गेल्यावर तिथे आधी फुटतो तो हॅलोफिला, म्हणजे त्यांच्या आवडीचाच कोवळा चारा. रांगडं झोस्टेरा गवत मागे राहतं. थोडक्यात, आपल्या वावराची मशागत आपणच करायची. शेणातून बियाही पडतात, आणि त्या रुजतात हेही तपासून झालंय. तात्यांचे ते सहा-सात दिवस धरले तर बी कुठल्या कुठे जाईल.

आता उलटी गोष्ट. इथून उत्तरेला हर्वी बे म्हणून जागा आहे. १९९२ च्या सुरुवातीला काही आठवड्यांत दोन महापूर आणि एक चक्रीवादळ झालं. नद्यांनी गाळ आणून ओतला, पाणी गढूळलं, आणि सुमारे हजार चौरस किलोमीटर समुद्री गवत मेलं. तिथे १९८८ च्या हवाई मोजणीत साडेसतराशेच्या आसपास डुगाँग होत्या. १९९३ च्या अखेरीस सत्तरच्या आसपास. वादळाने त्यांना मारलं नाही. चारा संपला म्हणून काही उपाशी मेल्या, बाकीच्या निघून गेल्या. काहींचे हाडकुळे सांगाडे शेकडो किलोमीटर दक्षिणेला किनाऱ्याला लागले.

इथे आलो तेव्हा मला वाटायचं की 'प्राणी वाचवा' म्हणजे बंदुका बंद करा. हर्वी बेत कुणी बंदूक उचलली नव्हती. पूर आले ते डोंगरातून, आणि वरची जमीन उघडी-बोडकी असेल तर गाळ जास्तच येणार.

निर्मळ_शंका

सगळे भक्तिभावाने लिहिताहेत म्हणून मी जरा खडा टाकतो. चरणं चांगलं, चरणं चांगलं, हे ऐकायला ठीक. लक्षद्वीपला अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये (प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यात) हिरव्या कासवांची संख्या वाढली आणि त्यांनी गवत पार तासून काढलं. लांब पानांचं थॅलासिया जाऊन खुरटं गवत उरलं, त्यात लपणारे मासे घटले, आणि कोळी कासवांवर चिडले. तिथे कासवं वाचवणं आणि गवत वाचवणं ही दोन टोकं झाली. त्यामुळे 'प्राणी वाचला की कुरण आपोआप वाचतं' हे काही खरं नाही.

सागरगोटी

मान्य. हा मुद्दा लेखात यायला हवा होता. एक फरक मात्र आहे. अगत्तीत कासवं दाटीवाटीने एका छोट्या लगूनमध्ये आहेत, आणि त्यांना खाणारे मोठे शार्क माणसाने आधीच कमी करून ठेवलेत. पाल्कच्या उपसागरात डुगाँगची दाटी होईल ही भीती आज तरी चैनीची म्हणावी लागेल.

तंजावरकर

नमस्कार. मी तंजावरचा. आमच्या घरची मराठी तुम्हाला वाचायला जड जाईल म्हणून पुस्तकी लिहितो, चुकलं तर सांभाळून घ्या.

तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं. देशातलं या प्राण्यासाठीचं ते पहिलंच. तंजावर आणि पुदुक्कोट्टै या दोन जिल्ह्यांचा किनारा त्यात येतो. आत सुमारे १२,२५० हेक्टर समुद्री गवत आहे.

त्याच किनाऱ्यावर मल्लिपट्टणमजवळ 'मनोरा' आहे. दुसरे सरफोजी राजे भोसले यांनी १८१४-१५ मध्ये नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून बांधला. षट्कोनी, चढत्या मजल्यांचा. तिथल्या शिलालेखांत मराठीही आहे. लहानपणी आम्ही सहलीला जायचो तेव्हा वडील मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आजूबाजूची तमिळ मुलं हसायची. वरून समुद्र दिसतो, तो सपाट, हिरवट, तळ्यासारखा. आम्हाला तो कंटाळवाणा वाटायचा. लाटा नाहीत, काय मजा? लाटा नाहीत म्हणूनच तिथे गवत आहे, हे मला चाळिशीत कळलं. एका बाजूला श्रीलंका, खालच्या अंगाला रामसेतूची बेटं, आणि पाणी उथळ. ऊन तळापर्यंत पोचतं.

मासेमारीबद्दल सांगतो, कारण बाहेरचे लोक कोळ्यांना एका झटक्यात खलनायक करतात. आमच्याकडे आठवड्यातले तीन दिवस ट्रॉलर आणि चार दिवस छोट्या नावा, अशी जुनी वाटणी आहे. छोट्या नाववाल्याला गवत नकोसं नसतं. खेकडा, कोळंबी, माकूळ त्यातच मिळतं. गवताचं वैर ट्रॉलरच्या तळ खरवडणाऱ्या जाळ्याशी. आणि डुगाँगचं मरण पुष्कळदा उभ्या जाळ्यात. तिला दर काही मिनिटांनी श्वासाला वर यावं लागतं. अडकली की संपली. जाळं ओढायला येईपर्यंत ती मेलेली असते आणि कोळीही घाबरलेला असतो, कारण प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला. पूर्वी मांस गुपचूप वाटलं जायचं, हेही खरं आहे. आता जिवंत सोडून दिली तर वनखातं सत्कार करतं, बक्षीस देतं. सोडतानाचे व्हिडिओ आमच्या गावात फिरतात. दोन माणसं गळाभर पाण्यात उभी राहून जाळं कापताहेत आणि पलीकडे एक भलंमोठं करडं पोट.

मालवणी_रापण

तंजावरकरांनू, जाळ्याचा तुम्ही बरोबर लिवलात. मी मालवणचो. आमच्या दर्यात ही गाय कोणी बघूक नाय, माझ्या आज्यान पण नाय. पण कासव जाळ्यात गावता तेवा तोच प्रश्न. जाळा कापूचा तर नुकसान आमचा.

(पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहितो.) महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीपासून वनखात्याच्या कांदळवन कक्षाची योजना आहे. कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क जाळं कापून सोडला आणि फोटो-व्हिडिओ दिला तर पंचवीस हजारांपर्यंत भरपाई. त्यामुळे फरक पडला हे मी स्वतः पाहतो. पूर्वी मन असायचं, पण हात आखडायचा. माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे ही गाय नाही ती का नाही? कच्छात आहे, मन्नारात आहे, मधला एवढा कोकण मोकळा कसा?

सागरगोटी

कोकणात गायरानच नाही, म्हणून. पावसाळ्यात चार महिने नुसता मारा. लाटा, आणि सह्याद्रीवरून येणाऱ्या नद्यांचा गाळ. उघड्या किनाऱ्यावर ऊन तळाला पोचत नाही आणि वाळू जागेवर राहत नाही. गवत रुजणार कुठे? डुगाँगला चरायला हेक्टरच्या हेक्टर लागतात.

पण 'नाहीच' असंही नाही. खाड्यांच्या आत, कांदळवनाच्या पायथ्याशी, चिखलात हॅलोफिला बेकारी नावाची चिमुकली जात सापडते. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या जगताप आणि उंटवाले यांनी गोव्यात मांडवीच्या खाडीतल्या तिच्या पट्ट्याचा अभ्यास १९८० च्या आसपास केला होता. आपल्याच लोकांनी, आपल्या दारात. बोटाच्या पेराएवढी पानं, झुबक्याने येणारी. पाहणाऱ्याला वाटेल चिखलावर कुणी हिरवा भुसा सांडलाय. धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत तिचा शेरा आहे 'असुरक्षित'. डुगाँगचाही तोच. एका यादीत, एका इयत्तेत.

चिकूवाडी

मग गेलेलं गवत पुन्हा लावता येत नाही का? भाताची लावणी करतो तशी?

तंजावरकर

करतात. आमच्या किनाऱ्यावर बांबूच्या चौकटींना काथ्याच्या दोऱ्या बांधतात, दोऱ्यांत गवताचे कोंब अडकवतात आणि चौकटी तळाला बसवतात. काथ्या कुजेपर्यंत मुळं धरलेली असतात. प्लॅस्टिक नाही, हे मला आवडलं. पण पाणी गढूळच राहिलं किंवा वरून ट्रॉलर फिरला, तर लावणी वाया. रोप लावणं सोपं, राखण अवघड. आमच्याकडे शेतीतही तेच.

निर्मळ_शंका

आणि लावणी एकरांत होते, नुकसान शेकडो हेक्टरांत. फोटो मात्र लावणीचा छापून येतो. असो, हा खडा शेवटचा.

तात्या_ढोरडॉक्टर

शंकासाहेब, टाका हो खडे, पाणी ढवळलं तर गवत मरेल एवढंच बघा. :)

अवांतर: सायरेनियामधली आणखी एक बाई होती, स्टेलरची समुद्रगाय. बेरिंग समुद्रात, सात-आठ मीटर लांब, मोठं शैवाल खाणारी. १७४१ मध्ये स्टेलर नावाच्या निसर्ग-अभ्यासकाने तिची नोंद केली. १७६८ पर्यंत शिकाऱ्यांनी ती संपवली. सत्तावीस वर्षं. आमच्या डुगाँगच्या हिशेबाने मोजलं तर एका मादीची फार तर आठ-नऊ वेतं.

वाळूचा_किल्ला

सुरुवातीला जलपरीचा विनोद केला, आता लाज वाटतेय. सागरगोटी, पुढचा भाग येऊ द्या. पु.ले.शु. (पुढील लेखनास शुभेच्छा).

मालवणी_रापण

ताई, तो हिरवो भुसो. आमच्या खाडीत कांदळाच्या मुळात तसा कायतरी मी बघितलंय, पण आम्ही त्येका शेवाळच म्हणत इलों. कसा ओळखूचा?

सागरगोटी

दादा, चिमटीत धरून हलकेच ओढा. शेवाळ असेल तर नुसतं तुटून बोटाला चिकटेल. हे असेल तर खाली पांढरट दोऱ्यासारखं खोड लागेल आणि त्याला बारीक मुळं. सगळं उपटू नका, एकच कोंब पुरे. फोटोत शेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे माप कळेल.

मालवणी_रापण

परवा आवस. सुकती मोठी असतली. जावन बघतंय.